खेळाडूचा उत्तरार्ध

[सरकारी नोकरीतील माणूस पांढरे केस घेऊन निवृत्त होतो. फुटबॉलपटू मात्र काळ्या केसांनीच निवृत्त होतो. त्यानंतरही त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य शिल्लक असते. त्या आयुष्याचे काय करायचे? प्रस्तुत पाठात मुंबईचे फुटबॉलपटू खालिद जमील यांच्या खेळाची, निवृत्तीची आणि निवृत्तीनंतरच्या कामाची ओळख करून दिली आहे.]

मुलांनो, वडसा आणि देसाईगंज ही एकाच गावाची दोन नावे आहेत. रेल्वे स्टेशनाच्या पाटीवर वडसा असते आणि तालुक्याचे नाव देसाईगंज असे लिहितात. परगावचा माणूस गोंधळून जातो. आपल्याला मात्र दोन्ही नावे सारखीच जवळची वाटतात. फुटबॉलपटूचेही असेच असते. माणूस एकच, पण त्याची आयुष्ये दोन. पहिल्या आयुष्यात तो खेळाडू असतो. दुसऱ्या आयुष्यात तो कोण असेल, हे त्यालाच ठरवावे लागते.

आपल्या भागातील नाटकांचे उदाहरण घेऊ. दिवाळी झाली की वडशात नाटकांची गडबड सुरू होते. गावोगावचे लोक मंडईसाठी नाटक ठरवायला येथे येतात. रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर नट तरुणपणी नायक होतो, पुढे वडील होतो आणि म्हातारपणी आजोबा होतो. वय वाढले म्हणून त्याचे काम संपत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री हा सन्मान मिळाला. त्यामागे रंगभूमीवरची अनेक वर्षांची मेहनत होती.

फुटबॉलच्या मैदानावर आजोबांची भूमिका नसते. तेथे प्रत्येकाला तरुणासारखेच धावावे लागते. मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. सामना ९० मिनिटे चालतो. मधल्या फळीतील चांगला खेळाडू एका सामन्यात १० ते १२ किलोमीटर धावतो. म्हणजे मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो जवळजवळ शंभर वेळा धावला, असे समजा. हे धावणे सरळ रस्त्यावरचे नसते. वेगात धावायचे, एकदम थांबायचे, एका पायावर वळायचे, उडी मारायची आणि पुन्हा धावायचे. या सगळ्याचा भार गुडघ्यावर आणि घोट्यावर पडतो. विशीत लागलेला मार काही दिवसांत बरा होतो. तिशीनंतर तोच मार महिनोन्‌महिने छळतो. म्हणून बहुतेक फुटबॉलपटू तिसाव्या आणि पस्तिसाव्या वर्षांच्या दरम्यान खेळ सोडतात.

काही थोडे खेळाडू याहून अधिक काळ खेळतात. ब्राझीलचा पेले १ ऑक्टोबर १९७७ रोजी शेवटचा सामना खेळला, तेव्हा तो सदतिशीच्या उंबरठ्यावर होता. त्याआधी एकच आठवडा तो कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान संघाविरुद्ध खेळून गेला होता. आपल्या सुनील छेत्रीने २०२४ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी भारतीय संघाचा निरोप घेतला आणि २०२५ साली तो पुन्हा भारतासाठी मैदानात उतरला. पण असे खेळाडू हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बाकीच्यांना शरीर लवकरच थांबायला सांगते. खालिद जमील यांनाही शरीराने असेच लवकर थांबवले.

खालिद जमील यांचा जन्म २१ एप्रिल १९७७ रोजी कुवेत येथे झाला. फ्रान्सचा मिशेल प्लातिनी हा त्यांचा आदर्श होता. पुढे भारतात मुंबई ही त्यांची कर्मभूमी झाली. त्या काळात मुंबईत फुटबॉलचे संघ बहुधा बँका, रेल्वे, गिरण्या आणि मोठ्या कंपन्या यांचे असत. खेळाडूला त्या संस्थेत नोकरी मिळे. हजेरीपटावर नाव कारकुनाचे आणि काम मात्र मैदानावरचे, अशी पुष्कळांची स्थिती होती. केवळ खेळावर पोट भरणारे खेळाडू थोडे होते. डिसेंबर १९९६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू झाली. देशभरातील मोठे संघ एकमेकांविरुद्ध खेळू लागले आणि चांगल्या खेळाडूंना संघ करार देऊ लागले. खालिद त्या वेळी एकोणीस वर्षांचे होते. त्यांच्या पिढीला हे दार योग्य वेळी उघडे मिळाले.

१९९७ साली खालिद महिंद्र कंपनीच्या संघात आले. १९९८ ते २००२ ही चार वर्षे ते एअर इंडियाच्या संघाकडून खेळले. २००२ साली ते पुन्हा महिंद्रकडे परतले. या संघाचे नाव आता महिंद्र युनायटेड झाले होते. खालिद मधल्या फळीत खेळत. मधल्या फळीतील खेळाडूचे नाव वर्तमानपत्रात कमी छापून येते. गोल करणारा पुढे असतो आणि गोल अडवणारा मागे असतो. मधला खेळाडू मागून चेंडू घेतो, आजूबाजूला नजर टाकतो आणि योग्य माणसाकडे चेंडू देतो. त्याला दहाही साथीदार कोठे आहेत, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. खालिद यांना भारतीय संघाकडूनही खेळण्याचा मान मिळाला. महिंद्र युनायटेडने २००३ आणि २००५ या वर्षी फेडरेशन चषक जिंकला. २००५-०६ च्या हंगामात या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीगही जिंकली. राष्ट्रीय लीग जिंकणारा हा मुंबईचा पहिलाच संघ होता.

२००७ साली मुंबई एफ. सी. हा नवा संघ स्थापन झाला. खालिद या संघात गेले. पण दुखापतींनी त्यांना घेरले होते. नव्या संघाची जर्सी मिळाली, तरी मैदानात उतरणे होईना. अखेर २००९ साली त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली. तेव्हा त्यांचे वय होते ३२ वर्षे.

मुलांनो, या आकड्यावर थोडे थांबा. तुमचे सर अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतील. बत्तिसाव्या वर्षी शिक्षकाची नोकरी नुकतीच स्थिर झालेली असते. दुकानदाराचा जम बसू लागलेला असतो. त्याच वयात फुटबॉलपटूचा करार संपतो. करार संपला की पगार थांबतो. पहाटे उठून मैदानावर जायचे कारण उरत नाही. साथीदार दुसऱ्या गावी सामना खेळायला जातात आणि तो घरी राहतो. कालपर्यंत ज्याचे नाव लोक ओरडून घेत होते, त्याला आज बाजारात कोणी ओळखतही नाही. ज्याने लहानपणापासून खेळाशिवाय दुसरे काही शिकलेले नसते, त्याची यात फार ओढाताण होते. नाव कमावलेले कितीतरी खेळाडू पुढे हलाखीत दिवस काढतात, ते यामुळेच.

खालिद यांनी खेळ सोडला, पण मैदान सोडले नाही. ज्या मुंबई एफ. सी. संघात ते खेळाडू होते, त्याच संघाचे ते २००९ साली मुख्य प्रशिक्षक झाले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. खेळाडूला स्वतःच्या खेळाची चिंता असते. प्रशिक्षकाला पंचवीस जणांच्या खेळाची चिंता असते. काल ज्यांच्याशेजारी बसून जेवण केले, त्यांनाच आज संघाबाहेर ठेवण्याची वेळ येते. त्यांना राग येतो, तो सहन करावा लागतो. शिवाय सामना सुरू झाला की प्रशिक्षकाचे पाय बांधलेले असतात. त्याला रेषेबाहेर उभे राहून पाहावे लागते. आपण मैदानात असतो तर हा चेंडू सोडला नसता, असे मनात आले तरी आत जाता येत नाही. जे स्वतःला येते, ते दुसऱ्याच्या पायांत उतरवणे हे प्रशिक्षकाचे काम असते.

मुंबई एफ. सी. हा श्रीमंत संघ नव्हता. मोठ्या किमतीचे खेळाडू त्याला परवडत नव्हते. तरीही खालिद यांनी सात हंगाम या संघाला आय-लीगच्या वरच्या गटात टिकवून ठेवले. संघाने विजेतेपद मिळवले नाही, पण तो खालीही घसरला नाही. २०१६ साली त्यांचे तेथील काम संपले. एका अर्थाने ही त्यांची दुसरी निवृत्तीच होती.

त्यानंतर ते मिझोरममधील ऐझॉल एफ. सी. या संघाकडे गेले. हा डोंगराळ भागातील छोटा संघ होता. आदल्या हंगामात तो आय-लीगमधून खाली गेला होता. गोव्याच्या संघांनी स्पर्धेतून माघार घेतल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली होती. या संघाकडून कोणाचीही मोठी अपेक्षा नव्हती. खालिद यांनी तेथील स्थानिक तरुणांना घेतले. पूर्वी मुंबई एफ. सी. मध्ये खेळलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता यांनाही सोबत घेतले. हळूहळू संघ जिंकू लागला. २२ एप्रिल २०१७ रोजी ऐझॉलने बलाढ्य मोहन बागानला १-० असे हरवले. आता शेवटच्या सामन्यात पराभव टाळला की विजेतेपद मिळणार होते.

हा सामना ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग येथे शिलाँग लाजाँग संघाविरुद्ध झाला. सुरुवातीलाच लाजाँगने गोल केला. ऐझॉलचे समर्थक चिंतेत पडले. पूर्वार्ध तसाच संपला. उत्तरार्धात, सदुसष्टाव्या मिनिटाला, विल्यम लालनुनफेला याने गोल करून बरोबरी साधली. सामना १-१ असा सुटला. १८ सामन्यांत ३७ गुण मिळवून ऐझॉल विजेता ठरला. मोहन बागानचे ३६ गुण झाले. अवघ्या एका गुणाचा फरक! ईशान्य भारतातील संघाने राष्ट्रीय लीग जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

त्याच हंगामात मुंबईत काय घडले, तेही पाहा. मुंबई एफ. सी. दहा संघांत शेवटचा आला आणि त्यानंतर तो संघच बंद झाला. महिंद्र युनायटेड २०१० सालीच बंद झाला होता. एअर इंडियाचा संघ २०१३ नंतर आय-लीगमध्ये दिसला नाही. म्हणजे ज्या तीन संघांच्या जर्सी खालिद यांनी घातल्या, ते तिन्ही संघ मोठ्या मैदानावरून नाहीसे झाले. खेळाडू जसे निवृत्त होतात, तसे संघही निवृत्त होतात. संघ बंद झाला की पंचवीस-तीस खेळाडूंचे करार एकाच दिवशी संपतात. त्यांत बत्तीस वर्षांचा खेळाडू असतो, तसा वीस वर्षांचाही असतो. म्हणून निवृत्तीची तयारी ही केवळ वय झालेल्या खेळाडूची गोष्ट नाही.

ऐझॉलनंतर खालिद यांनी कोलकात्याच्या ईस्ट बंगाल आणि मोहन बागान या दोन्ही मोठ्या संघांचे काम पाहिले. तेथे त्यांना ऐझॉलसारखे यश मिळाले नाही. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेड संघाची जबाबदारी हंगामाच्या मध्येच त्यांच्यावर आली. त्यांनी संघाला इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीत नेले. या स्पर्धेत भारतीय प्रशिक्षकाने इतकी मजल मारण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढे ते जमशेदपूर संघाचे प्रशिक्षक झाले. १ ऑगस्ट २०२५ रोजी भारतीय पुरुष संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. तेरा वर्षांनंतर हे काम एका भारतीयाकडे आले होते. सुरुवातीलाच मध्य आशियातील एका स्पर्धेत भारताने ओमानला हरवून तिसरा क्रमांक पटकावला. पण ऑक्टोबर महिन्यात सिंगापूरकडून पराभव झाला आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार भारतासाठी बंद झाले. उत्तरार्धातही हार-जीत असतेच.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींना फुटबॉल आवडत असेल. धान कापून झाले की मोकळ्या बांधीत तुम्ही चेंडू घेऊन उतरत असाल. तुम्हांला मोठे खेळाडू व्हायचे असेल, तर अवश्य व्हा. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होतात. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून नागपूर विभाग आणि विभागातून राज्य, अशी ही पायऱ्यांची वाट आहे. शालेय संघांसाठी १९६० पासून सुब्रतो चषक ही देशपातळीवरची स्पर्धाही भरते. पण वर चढताना दोन गोष्टी विसरू नका.

पहिली गोष्ट शिक्षणाची. ज्या दिवशी पाय थांबतील, त्या दिवशी पुस्तक उपयोगी पडेल. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात. पण त्या जागेसाठीही परीक्षेत उत्तीर्ण झालेले असावे लागते. खेळाचे प्रमाणपत्र आणि शाळेचे प्रमाणपत्र, दोन्ही हवीत.

दुसरी गोष्ट खेळाच्या अभ्यासाची. नुसते खेळू नका, खेळ समजून घ्या. हा खेळाडू तेथे का उभा राहिला? पंचाने शिट्टी का वाजवली? चेंडू डावीकडे द्यायला हवा होता की उजवीकडे? असे प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर पुढे पंच होता येते, प्रशिक्षक होता येते, समालोचक होता येते. प्रशिक्षकालाही परीक्षा द्याव्या लागतात. ‘डी’ या पहिल्या परवान्यापासून ‘क’, ‘ब’, ‘अ’ म्हणता येतील अशा पायऱ्या चढत तो ‘प्रो’ या सर्वांत वरच्या परवान्यापर्यंत पोहोचतो. म्हणजे खेळ सोडलेल्या माणसालाही पुन्हा विद्यार्थी व्हावे लागते.

उर्दूत तुम्ही ‘तालीम’ हा शब्द शिक्षण या अर्थाने वापरता. मराठीत हाच शब्द दोन अर्थांनी येतो. नाटकाच्या सरावाला तालीम म्हणतात आणि व्यायामाच्या जागेलाही तालीम म्हणतात. कोल्हापुरात तर फुटबॉल संघांचीच नावे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशी आहेत. खेळाडूच्या आयुष्यात हे सगळे अर्थ एकत्र येतात. तो आधी तालीम करतो, मग सामने खेळतो आणि एके दिवशी थांबतो. ज्याने मन लावून तालीम घेतली, तो पुढे दुसऱ्यांना तालीम देऊ शकतो.

फुटबॉलच्या सामन्यात पूर्वार्ध संपल्यावर पंच शिट्टी वाजवतो. खेळाडू पंधरा मिनिटे विसावा घेतात, पाणी पितात आणि बाजू बदलून पुन्हा उभे राहतात. निवृत्ती ही अशीच मधली शिट्टी आहे. तिच्यानंतर बाजू बदलते, खेळ चालू राहतो. त्या वेळी आपल्याजवळ काय असेल, याची तयारी मात्र पूर्वार्धातच करावी लागते. तुमचा पूर्वार्ध आता नुकता सुरू झाला आहे.

शब्दार्थ

निवृत्त होणे – नोकरीतून किंवा कामातून मोकळे होणे
पूर्वार्ध – पहिला अर्धा भाग
उत्तरार्ध – दुसरा अर्धा भाग
करार – दोन्ही बाजूंनी मान्य केलेला लेखी ठराव
कर्मभूमी – जेथे माणूस काम करून नाव मिळवतो ती जागा
हजेरीपट – कामावर आलेल्यांची नोंद करण्याचे पुस्तक
हलाखी – गरिबी, पैशांची ओढाताण
बांधी – बांध घातलेले धानाचे शेत
समालोचक – सामना चालू असताना त्याचे वर्णन करून सांगणारा
मजल मारणे – मोठा पल्ला गाठणे
जम बसणे – व्यवसाय नीट चालू लागणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) खालिद जमील मैदानावर कोणत्या फळीत खेळत?
(आ) खालिद जमील यांनी कितव्या वर्षी खेळाडू म्हणून निवृत्ती घेतली?
(इ) ऐझॉल आणि मोहन बागान यांच्यात किती गुणांचा फरक राहिला?
(ई) कोल्हापुरातील कोणत्या दोन फुटबॉल संघांची नावे पाठात आली आहेत?

प्रश्न २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) नट आणि फुटबॉलपटू यांच्या निवृत्तीत कोणता फरक आहे?
(आ) प्रशिक्षकाचे काम खेळाडूच्या कामापेक्षा वेगळे कसे आहे?
(इ) ‘संघही निवृत्त होतात’ असे पाठात का म्हटले आहे?

प्रश्न ३. कारणे द्या.
(अ) तिशीनंतर फुटबॉलपटूला खेळणे कठीण जाते.
(आ) खेळाडूने शिक्षण पूर्ण केले पाहिजे.

प्रश्न ४. खालील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असणे, जम बसणे, मजल मारणे, निरोप घेणे.

प्रश्न ५. मैदान, मेहनत, नजर, करार, तालीम हे शब्द उर्दूत आणि मराठीतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा. त्यांचा अर्थ दोन्ही भाषांत सारखाच आहे का, ते सांगा.

उपक्रम : तुमच्या गावात पूर्वी कबड्डी, कुस्ती, व्हॉलीबॉल किंवा फुटबॉल खेळणारे कोणी वडीलधारे असतील, तर त्यांना भेटा. त्यांनी खेळ केव्हा व का सोडला आणि त्यानंतर कोणते काम केले, ते विचारा. मिळालेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहा व वर्गात वाचून दाखवा.